थोरल्याचा पाट

"सातच ठेव. कशाला उगाच!" नवरा एवढंच म्हणाला, तेही मोबाइलमधून मान वर न करता. माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली.

विषय काय, तर लेकीचा सुट्टीतला प्रोजेक्ट. दोहातल्या शाळा उन्हाळ्यात पोरांना मोकळं सोडतात आणि आयांना कामाला लावतात. यंदा लेकीच्या वाट्याला इंग्रजीतल्या एक जगप्रसिद्ध कादंबरीकार बाई आल्या होत्या. बाईंच्या घरच्या माणसांचा तक्ता करायचा होता. मधे बाई, वर आईवडील, आजूबाजूला भावंडं, प्रत्येकाखाली दोन-दोन ओळी. टीचरने नमुना दिला होता, त्यात बाई धरून सात भावंडं होती. मी डाळ निवडता निवडता बघितलं आणि म्हटलं, "अगं, आठ होती ती. एक भाऊ राहिला."

"मम्मा, टीचरने सेव्हनच दिलेत. जस्ट लीव्ह इट ना."

"टीचरला सांग, माझ्या आईने एमए केलंय इंग्रजीत."

केलं होतं खरंच. नाशिकच्या कॉलेजात चार वर्षं शिकवलंही, आणि मग लग्न करून नवऱ्याच्या व्हिसावर इथे येऊन डाळ निवडत बसले. त्यामुळे या बाईंचं खानदान मला तोंडपाठ होतं. आमचे सर वर्गात फेऱ्या मारत नोट्स सांगायचे. कोण भाऊ आरमारात गेला, कोण धर्मगुरू झाला, कोण श्रीमंत नातेवाइकांना दत्तक गेला. आणि शेवटी म्हणायचे, "आणखी एक होता, पण त्याचा वाङ्मयाशी संबंध नाही, लिहू नका." आम्ही नाही लिहिलं. पुढे कुठेतरी वाचलं तेव्हा कळलं की या भावाला फिट्स यायच्या, बहुधा बोलताही येत नव्हतं. लहानपणीच त्याला दुसऱ्या गावात एका कुटुंबाकडे ठेवला. तो तिथेच म्हातारा झाला, बहीण गेल्यावरही कितीतरी वर्षं जगला. आणि बाईंच्या पश्चात घरच्याच एकाने त्यांच्या आठवणी लिहिल्या, तेव्हा हा भाऊ त्यात नव्हताच. पुसून टाकला, जसा काही जन्मलाच नाही.

आता हे सगळं मी लेकीला सांगत होते, आणि सोफ्यावरून आवाज आला, "सातच ठेव."

अहाहा! तू नाही तर कोण सांगणार रे बाबा सातच ठेव म्हणून!

कारण माझ्या नवऱ्यालाही एक भाऊ आहे. थोरला. त्यांनाही फिट्स येतात, त्यांनाही बोलता येत नाही, आणि तेही लहानपणापासून दुसऱ्याच्या घरी राहतात. इगतपुरीच्या अलीकडे एका गावात एक मावशी आहेत. पूर्वी त्या सासूबाईंकडे घरकामाला होत्या. नवरा वारला, गावी परत गेल्या, तेव्हा जाताना भाऊजींना सोबत घेऊन गेल्या. म्हणजे सासऱ्यांनी पाठवलं. तेव्हा भाऊजी लेकीच्या आताच्या वयाचे होते.

आमच्या घरी बघायला आले तेव्हा सासरे खुर्चीत रेलून म्हणाले होते, "एकुलता एक आहे आमचा." माझे वडील किती खूश! ना दीर, ना नणंद, पोरगी राज्य करेल. लग्नानंतर पहिल्याच पावसाळ्यात एक दिवस सासरी नाशिकच्या फ्लॅटची बेल वाजली. दारात मावशी, आणि त्यांच्या दंडाला धरून उभा एक माणूस. माझ्या नवऱ्याचाच चेहरा. तेच नाक, तीच रुंद हनुवटी, कपाळावर मात्र खोक पडलेली. फिट येऊन पडले होते, दवाखान्यात न्यायचं होतं. सासऱ्यांनी त्यांना घरातसुद्धा घेतलं नाही. "खाली पार्किंगमध्ये बसा, गाडी काढतो." मी पाण्याचा तांब्या घेऊन खाली गेले, तर नवरा जिन्यात आडवा आला. "हे बघ, झाकली मूठ सव्वा लाखाची. तू यात पडू नकोस."

मी पडले. मला काय, मी लग्न केलंच असतं. सांगितलं असतंत तर भाऊजींसकट केलं असतं! मला राग फसवल्याचा नव्हताच. पोटच्या पोराला पार्किंगमध्ये बसवणाऱ्यांचा होता, आणि तो अजून आहे.

त्या वर्षापासून दर सुट्टीत मी एकटी मावशींकडे जायचे. लेकीला घरचे नेऊ द्यायचे नाहीत, "पोर घाबरेल." भाऊजी लांबून ओळखायचे. माझ्या हातातली पिशवी आधी काढून घ्यायचे, कारण तिच्यात खजूर असायचा. एकेक खजूर फोडायचे, बी काढायचे, आणि ती बी माझ्या तळहातावर ठेवायचे, फार मोलाची वस्तू द्यावी तशी. जाताना माझ्या पर्समध्ये नुसत्या बिया. मी त्या कधी फेकल्या नाहीत.

तर मी लेकीसमोर काही बोलले नाही. आठवी चौकट आखून दिली आणि स्वयंपाकघरात जाऊन पातेली आपटली. पातेली आपटायला मी कमी करत नाही, शेजारच्या केरळी बाईला विचारा.

आणि आतल्या खोलीत सासूबाई होत्या. फुटबॉल वर्ल्डकपच्या गर्दीत व्हिजिट व्हिसाचं काही खरं नाही असं जो तो म्हणत होता, म्हणून त्यांना मे महिन्यातच बोलावून घेतलं होतं. नवऱ्याला यंदा रजा मिळणार नव्हती. सगळं शहर खणून ठेवलेलं, रोज नवा रस्ता बंद, समुद्रकाठी कॉर्निशवर उलटे दिवस मोजणारं घड्याळ, आणि हा पहाटे पाचला इंडस्ट्रियल एरियात. हा इंजिनिअर, पण गेली काही वर्षं कंपनीने त्याला माणसांच्या राहण्याच्या कामाला लावलं होतं. कुठल्या साइटची माणसं कुठल्या कॅम्पमध्ये, कोणाला बरवा अल बराहाच्या मजूर वस्तीत हलवायचं, कोणत्या खोलीत किती पलंग. स्पर्धा जवळ आली तशी कामं संपत आली आणि हलवाहलव वाढली. याने एक मेसेज टाकला की तासाभरात बस भरून माणसं इकडची तिकडे. जेवताना कौतुकाने सांगायचा. "आज अख्खा ब्लॉक रिकामा केला. खलास!" हा त्याचा आवडता शब्द. कुठलीही गोष्ट संपली, की खलास.

जूनमध्ये मावशींचा फोन आला होता. गुडघे पार गेलेत, मुलगी सुरतेला घेऊन चाललीय, दिवाळीनंतर त्याचं काय ते बघा. त्या रात्री आमचं कडाक्याचं भांडण झालं. नवरा म्हणाला, धुळ्याच्या पुढे एक संस्था आहे, चांगली आहे म्हणे. मी म्हटलं, नाशिकचा फ्लॅट कुलूप लावून ठेवलाय तो कशासाठी? कबुतरांसाठी? मी जाते, मी राहते त्यांच्याजवळ.

"आणि पोरीची शाळा?"

"नाशिकमध्ये काय शाळा नाहीत? मी काय जंगलात शिकले?"

शेवटी तो म्हणाला, "दिवाळीपर्यंत वेळ आहे, बघू. इन्शाल्ला." मी समजले, दिवाळीपर्यंत वेळ आहे. सासूबाई हे सगळं ऐकून जपमाळ ओढत बसल्या. इथल्या मराठी मंडळाच्या हळदीकुंकवाला कोणी विचारलं, "मुलं किती तुम्हाला?" की त्यांचं ठरलेलं उत्तर, "एकच, हा इथला." मी शेजारी बसून सुपारी कातरत असायचे. हातात अडकित्ता होता म्हणून, नाहीतर काय बोलले असते देव जाणे.

आता शुक्रवारचं सांगते.

श्रावणातला शुक्रवार, जिवतीची पूजा. ज्यांच्या घरी नसते त्यांच्यासाठी सांगते, ही लेकराबाळांच्या आयुष्यासाठी आईने करायची पूजा. भिंतीवर जिवतीचा कागद लावायचा, पुरणाचा नैवेद्य, आणि मग पुरणाचेच छोटे दिवे करून मुलांना पाटावर बसवून ओवाळायचं. मूल परगावी असेल तर त्याच्या नावाने अक्षता टाकायच्या. चारी दिशांना टाकतात, कारण लेकरू कुठेही असो, पोचल्या पाहिजेत. आमच्या सासूबाईंचं मात्र वेगळं. त्या एकाच दिशेला टाकायच्या. लग्नानंतरच्या पहिल्या श्रावणात मी बघितलं होतं. नवरा समोर पाटावर बसलेला, आणि या आधी मागच्या खिडकीशी जाऊन इगतपुरीच्या बाजूला मूठभर अक्षता टाकून आल्या, मग याला ओवाळलं. मी विचारलं, तर म्हणाल्या, "आमच्याकडची पद्धत आहे." पद्धत! भाऊजी पार्किंगमध्ये बसून गेले, तेव्हा मला पद्धत कळली. आधी थोरला, मग धाकटा. जगापुढे एकच पोर, आणि जिवतीपुढे दोन. देवीपुढे खोटं बोलायची छाती नव्हती त्यांची.

शुक्रवार म्हणजे इथे सुट्टीच. कागद त्यांनी नाशिकहून येताना पुस्तकात घालून आणला होता. दूर्वा मिळाल्या, आघाडा काही मिळेना, म्हणून सकाळपासून चुटपुट. मी पुरण वाटलं, दिवे केले. नवरा आंघोळ करून, डोक्यावर रुमाल टाकून पाटावर बसला. लेक सोफ्यावर पाय वर घेऊन बघत होती. सासूबाईंनी अक्षता घेतल्या आणि गोंधळल्या. बाल्कनीबाहेर तिन्ही बाजूंना नुसत्या क्रेन आणि टॉवर.

"अरे, नाशिक कुठल्या अंगाला आलं इथून?"

नवरा उठला. मोबाइल काढला, होकायंत्र लावलं, जरा फिरला, आणि बाल्कनीच्या कोपऱ्याकडे बोट केलं. "तिकडे टाक आई." परत येऊन पाटावर बसला. शांतपणे रुमाल सारखा केला. मला तो रुमाल सारखा करणारा हात अजून दिसतो.

सासूबाईंनी डोळे मिटून अक्षता टाकल्या. खाली कोणाच्या तरी एसीवर त्या पडल्याचा आवाज आला.

लेक म्हणाली, "आजी, दॅट वॉज फॉर हूम? एव्हरीवन इज हिअर."

मग मी बोलले. "तुझ्या काकांसाठी. बाबांचे मोठे भाऊ आहेत ते."

"आय हॅव अ काका?" तिने बाबाकडे बघितलं, आजीकडे बघितलं, आणि मग हळूच मराठीत विचारलं, "आठवा?"

सासूबाईंनी दिव्यांचं तबक उचललं, जसं काही ऐकलंच नाही. आणि माझा बांध फुटला. म्हटलं, आई, पुरे झालं हे. माणूस जिवंत आहे, मावशींकडे मोबाइल आहे, त्याला बाल्कनीतून अक्षता फेकून काय ओवाळता? फोन लावते, तोंड बघा लेकराचं, आणि दिवा फिरवा त्याच्यासमोर. ही पोरगी पण बघू दे आपला काका.

"नको," नवरा म्हणाला. "आत्ता नको."

फार पटकन म्हणाला. दहा वर्षं या माणसाला प्रत्येक गोष्टीचं उत्तर द्यायला अर्धा तास लागतो, आणि हे 'नको' एकदम तयार. मी त्याच्याकडे बघत बघतच व्हिडिओ कॉल लावला.

मावशी दिसल्या. मागे ओसरी, ओसरीवर रिकामी खाट.

"मावशी, भाऊजींना द्या जरा. आईंना ओवाळायचंय."

"अवो ताई," त्या म्हणाल्या, "त्याला नेलं ना मंगळवारी."

"कुठे नेलं?"

"आता मला काय इचारता? सायबांनी गाडी धाडली होती. तिकडं धुळ्याच्या पुढं. म्या म्हनलं दिवाळीपर्यंत राहू द्या, तर म्हनले जागा निघालीय, परत मिळायची न्हाई." त्यांनी पदर तोंडाला लावला. "गाडीत बसंना, ताई. माझा पदर सोडंना. दोघांनी धरून बसवला. त्याचं ताट दिलंय म्या संगं. दुसऱ्या ताटात जेवत न्हाई तो, तेवढं सांगा त्यांना."

फोन माझ्या हातातच राहिला. सासूबाईंसमोर मी नवऱ्याला अहो म्हणते, आम्ही दोघंच असलो की अरे. त्या दिवशी सगळ्यांसमोर अरे निघालं.

"अरे, मंगळवारी? आज शुक्रवार! चार दिवस या घरात जेवतोयस, झोपतोयस! एक मेसेज टाकलास आणि हलवला, कॅम्पमधल्या पलंगासारखा? भाऊ आहे रे तुझा!"

"ओरडू नकोस. मला वाटलं, आईला त्रास नको."

"आईला त्रास नको? आणि आत्ता? आईने विचारलं नाशिक कुठे, तर उठून दाखवलंस! तो तिथे नाही हे माहीत असताना दाखवलंस! लाज कशी वाटली नाही तुला?"

आणि मग तो जे बोलला ते मी जन्मात विसरणार नाही. चिडून नाही, अगदी समजावणीच्या सुरात म्हणाला, "अगं, इथून बघितलं तर दिशा साधारण तीच येते."

मी मावशींचा फोन बंद केला.

सासूबाई त्याच्यासमोर उभ्या होत्या. पुरणाचे दिवे पेटलेले होते. त्याला वाटलं आता ओवाळतील, विषय खलास. त्याने मान किंचित पुढे केलीसुद्धा.

"ऊठ," त्या म्हणाल्या.

"आई?"

"ऊठ पाटावरून. तो थोरल्याचा पाट आहे."

एवढ्या वर्षांत थोरला हा शब्द मी त्यांच्या तोंडून पहिल्यांदा ऐकला. नवरा उठला. त्यांनी तबक रिकाम्या पाटावर ठेवलं आणि मला म्हणाल्या, "तिकिटं काढायला सांग याला. तुझं, माझं, पोरीचं. पुरण कोणी खाऊ नका."

मला त्यांच्या गळ्यात पडावंसं वगैरे काही वाटलं नाही, खोटं कशाला सांगू. मला वाटलं, बाई, हे तोंड आधी उघडलं असतं तर? सासरे होते तेव्हा भीती होती, कबूल. पण सासरे जाऊनही किती श्रावण झाले! तेवढे सगळे अक्षता फेकण्यात घालवले. मी हे त्यांना विमानात बोलूनही दाखवलं. त्या म्हणाल्या, "बोल. बोलायला तूच आहेस." आणि मुंबई येईपर्यंत खिडकीबाहेर बघत बसल्या.

संस्थेच्या दारात एक कर्मचारी होता. वाईट नव्हता बिचारा. त्याने विचारलं, "तुम्ही पेशंटच्या कोण?" मी उत्तर देणार होते, पण थांबले. हे उत्तर माझं नव्हतं. सासूबाईंनी पायरीवर उभ्या उभ्या दोनदा श्वास घेतला.

"आई आहे मी त्याची."

तो माणूस चपापला. "पण आम्हाला तर सांगितलं होतं की जवळचं कोणी नाही. लांबचे नातेवाईक सोडून जाताहेत म्हणून."

लांबचे नातेवाईक! माझा सख्खा नवरा, लांबचा नातेवाईक! त्याचं म्हणणं आहे की हे तो बोलला नाही, गाडीवाला बोलला असेल. असेल बाबा. गाडीवाल्याला काय पडलंय!

भाऊजी आत एका बाकावर बसले होते, मांडीवर स्वतःचं ताट पालथं धरून. कोणी घेऊ नये म्हणून. मला बघितल्यावर त्यांनी आधी माझ्या पिशवीला हात घातला.

श्रावणातला शेवटचा शुक्रवार आम्ही नाशिकच्या फ्लॅटमध्ये केला. आघाडा खाली मैदानातच मिळाला. जिवतीचा कागद सोसायटीच्या दुकानातून नवा आणला. तक्ता दोहातच कपाटावर गुंडाळलेला राहिला, आणि शाळेचं काय करायचं ते अजून ठरायचं होतं. नवरा रोज फोन करत होता. मी उचलत नव्हते, लेक उचलत होती.

भाऊजींना पाटावर बसवायलाच बराच वेळ गेला. लेक त्यांच्या शेजारी जमिनीवर मांडी घालून बसली तेव्हा कुठे बसले. सासूबाई तबक घेऊन वाकल्या. दिवे पुरणाचे आहेत हे भाऊजींना वासाने कळलं असावं. एक फेरी होते न होते तोच त्यांनी झटकन हात घालून दिवा उचलला. "अरे अरे, भाजेल!" करत सासूबाईंनी वात काढली आणि अख्खा दिवा त्यांना भरवला. मग दुसरा. मग तिसरा. नैवेद्य, ओवाळणं, सगळं राहिलं बाजूला. लेक हसून हसून लोळायला लागली. सासूबाईंचा हात पुरणाने बरबटला होता आणि त्या रडत होत्या, आणि भाऊजी तोंड उघडून पुढच्या दिव्याची वाट बघत होते.

नंतर सासूबाईंनी हात धुतले, तबकातल्या अक्षता मुठीत घेतल्या आणि खिडकीशी गेल्या. धाकटा राहिला होता ना.

"अगं," त्यांनी मला विचारलं, "कतार कुठल्या अंगाला आलं इथून?"

मोबाइल माझ्या हातात होता. होकायंत्र मलाही लावता येतं.

"मला नाही माहीत तो कुठे आहे," मी म्हटलं. "चारी दिशांना टाका."